ज्यांना लिहूच दिलं नाही, त्यांनी काय उसवायचं?

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीन शहरात ३ ते ६ जून २०२५ या चार दिवसांत लोकसाहित्याचे आणि मानववंशशास्त्राचे अभ्यासक जमले होते. 'सिएफ' या फ्रेंच आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं हे सतरावं अधिवेशन. संस्था १९६४ साली अथेन्समध्ये उभी राहिली. तिची आधीची मूळ संस्था १९२८ सालची, प्रागची. म्हणजे मंडळी जुनी आहेत. या खेपेचा विषय एका शब्दाचा होता : 'अनरायटिंग'. मी तिथे नव्हतो. मी वाचलं ते त्यांचं विषयाचं टिपण. कुणी म्हणेल, लग्नाला न जाता नुसत्या पत्रिकेवरून हा खोड्या काढतोय. काढतोय. कारण पत्रिकेतला विषय लिहिण्याचा आहे, आणि लिहिणं या गोष्टीशी आपलं भांडण फार जुनं आहे.

मला कळला तो आशय असा. लेखन हे सत्तेचं हत्यार आहे. अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतल्या, रानावनांतल्या लोकांबद्दल ढीगभर लिहिलं. त्यात लिहिणाऱ्याचाच आवाज मोठा झाला, राज्यकर्त्यांची नजर मुरली, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं ते गप्प झाले. तेव्हा आता ठरीव रीती मोडा, दुसऱ्या वाटांनी सांगा. 'अनरायटिंग'ला मराठीत नेमका शब्द नाही. खोडणं, पुसणं, उलगडणं काहीही म्हणता येईल. मी 'उसवणं' म्हणतो. उसवायचं म्हटलं की आधी शिवण असते, आणि ती कुणी घातली हे विचारता येतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, चला, उशिरा का होईना, साहेबलोकांना कळलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मनात खुट्ट झालं. हे आवाहन कुणाला आहे? ज्याच्या नावावर दहा पुस्तकं आहेत त्याला म्हणता येतं, आता मी लिखाण उसवतो. ज्याच्या घरात अंगठ्याच्या जागी सही येऊन दोन पिढ्या झाल्या, त्याने काय उसवायचं? भरल्या घरातला माणूस जेवला नाही तर त्याला व्रत म्हणतात. आमची माणसं जेवली नाहीत तेव्हा कुणी व्रत म्हटलं नाही.

एवढं बोलून हा विषय मिटवता आला असता, आणि तुम्ही टाळ्याही दिल्या असत्या. पण ते अर्धवट झालं असतं. उसवण्याचं काम आपण त्यांच्या आधी केलंय. ते कसं केलं, हे आधी बघू.

१

'फोकलोर' हा इंग्रजी शब्द विल्यम थॉम्स नावाच्या गृहस्थाने १८४६ साली लंडनच्या 'अथेनियम' साप्ताहिकात पहिल्यांदा वापरला. जुन्या रूढी, समजुती, गाणी विरत चालली आहेत, ती वेचून ठेवा, असं त्याचं सांगणं होतं. पुढे नऊ वर्षांनी, १८५५ साली, 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापून आला. पुण्यातल्या फुल्यांच्या शाळेत ती शिकत होती, वय चौदा. विषय मांग-महारांचं दुःख. वेद वाचायचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म तरी कोणता, हा तिचा सवाल. एंथोवेनसाहेबाने मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींची वर्णनं तीन खंडांत छापली ती १९२० ते १९२२ या काळात. म्हणजे मांगांबद्दल साहेब सांगणार त्याच्या पासष्ट वर्षं आधी मांगाची पोर स्वतः सांगून मोकळी झाली होती. कुणी म्हणू नये की आम्ही गप्प होतो.

दुसरं नाव जोतीराव फुल्यांचं. 'गुलामगिरी' १८७३ सालची. बामनांनी लिहिलेल्या अवतारकथा त्यांनी एकेक करून उसवल्या. मासा, कासव, वराह, वामन यांतला देवपणा काढून टाकला आणि आत लपलेली स्वारी, लूट, फसवणूक बाहेर काढली. बळीला दिवाळीत ओवाळणाऱ्या बायांच्या आठवणीला त्यांनी पुरावा मानलं. लोकांकडे नुसती गाणी नसतात, लोकांकडे साक्ष असते, हे त्यांना कळलं होतं. अ‍ॅबरडीनला जे शिकायचं म्हणून ठरलं, त्याचा हा पहिला धडा.

तिसरी गोष्ट तुम्हाला तोंडपाठ आहे. २५ डिसेंबर १९२७, महाड. मनुस्मृती जाळली. लिखाण उसवण्याचा याहून मोठा प्रसंग मला माहीत नाही. तिथे शब्दांचा खेळ नव्हता. ज्या ग्रंथाच्या जोरावर तळ्याचं पाणी अडवलं होतं तो ग्रंथ पेटवला होता. पण एक बघा. जाळणाऱ्या माणसाने १९२० साली 'मूकनायक' काढला होता, १९२७ सालीच 'बहिष्कृत भारत' सुरू केला होता, आणि पुढे मरेपर्यंत लेखणी खाली ठेवली नाही. एका हाताने उसवलं आणि दुसऱ्या हाताने लिहिलं. दोन्ही हात एकाच माणसाचे होते. माझं या अधिवेशनाच्या विषयाशी भांडण आहे ते इथे. उसवणारा हात लेखकाचा, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्या हातात अजून काहीच नाही, असं असेल तर उसवूनही कापड त्याच्याच मालकीचं राहतं.

२

मानववंशशास्त्राच्या मंडळींसमोर आपला माणूस पहिल्यांदा उभा राहिला ती तारीख आपण पाठ केली पाहिजे. ९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, डॉ. गोल्डनवायझर यांचा अभ्यासवर्ग. पंचवीस वर्षांचा विद्यार्थी भीमराव आंबेडकर 'भारतातील जाती : त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास' हा निबंध वाचतो. १९१७ च्या मे महिन्यात तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापला जातो. या निबंधाचं नाव आपण भाषणात घेतो. पण भाषण संपल्यावर घरी जाऊन त्याची फक्त सुरुवात वाचा.

तिथे ते म्हणतात ते साधारण असं : वस्तूंची प्रदर्शनं तुम्ही सगळ्यांनी पाहिली असतील, पण माणसांनी उभ्या केलेल्या संस्थांचं प्रदर्शन भरवायचं म्हटलं तर ते विचित्र वाटेल, तरी तुम्ही एथ्नॉलॉजीचे विद्यार्थी आहात, तुम्ही या कल्पनेला फार नावं ठेवू नका. पुढे ते पॉम्पेईचं उदाहरण घेतात. जुन्या अवशेषांपाशी वाटाड्या उभा असतो आणि पाहुण्यांना माहिती सांगतो. एथ्नॉलॉजीचा विद्यार्थी एका अर्थी तसाच वाटाड्या, असं ते सांगतात.

मी इथे दर वेळी थांबतो. पॉम्पेईचा वाटाड्या पॉम्पेईत जळून मेलेला नसतो. हा वाटाड्या त्या राखेतून उठून आला होता. साताऱ्याच्या शाळेत वेगळं बसलेला, तहान लागली तर नळाला हात लावायची बंदी असलेला हा मुलगा, आणि आता तो अमेरिकेत उभा राहून जातीची यंत्रणा खोलून दाखवतोय. निबंधात तो स्वतःचं दुःख सांगत बसत नाही. रडत नाही. सेनार्त, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या एकेक घेतो, तपासतो, कुठे लंगड्या पडतात ते दाखवतो. मग आपलं सांगतो : जात म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. हे टिकवायचं तर नवरा मेलेली बाई आणि बायको मेलेला पुरुष यांचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहतो. सती, वैधव्य, बालविवाह ही त्या प्रश्नाची उत्तरं.

आता लोकसाहित्याचा अभ्यासक काय करतो ते बघा. तो सतीची गाणी गोळा करतो. विधवेच्या ओव्या गोळा करतो. सतीच्या शिळेचा फोटो काढतो. त्यात करुणरस किती, प्रतिमा कोणत्या, ते सांगतो. पंचवीस वर्षांचा भीमराव विचारतो, बाईला जाळायची गरज कुणाला होती? आणि सतीचा, वैधव्याचा गौरव करणारं तत्त्वज्ञान कुठून आलं, याचं उत्तर देतो : आधी चाल पडली, गौरव मागून आला, कडू गोळीला मुलामा द्यावा तसा. लोकसाहित्याच्या अभ्यासावर याहून धारदार टीका मी वाचली नाही, आणि ती एकोणीसशे सोळा सालची आहे. गाणं गोड आहे म्हणून गोळी गोड होत नाही. मुलाम्याचा अभ्यास जरूर करा, पण गोळी कुणाच्या घशात गेली तेही त्याच पानावर लिहा.

त्या निबंधात त्यांनी केतकरांचा दाखला देऊन आणखी एक बजावलं होतं : हिंदू माणूस जगात जिथे जाईल तिथे जात जाईल, तेव्हा तो जगाचा प्रश्न होईल. २०२३ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. युरोपातल्या अधिवेशनाशी आमचा संबंध काय, असं विचारणाऱ्याला एवढं पुरे.

३

आता अ‍ॅबरडीनकडे वळू. आपण लांबून शिव्या दिल्या आणि त्यांच्या घरात काय घडलं ते पाहिलंच नाही, असं व्हायला नको.

अ‍ॅबरडीन विद्यापीठात लोकपरंपरेचा अभ्यास करणारं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट आहे, १९९५ सालचं. मुंबईच्या एल्फिन्स्टनशी त्याचा संबंध नाही; हा पंधराव्या शतकातला बिशप, विद्यापीठाचा संस्थापक. या शहरात जीनी रॉबर्टसन नावाची बाई राहायची. जन्म १९०८, मृत्यू १९७५. ती 'ट्रॅव्हलर' समाजातली. हा स्कॉटलंडमधला भटका समाज. पत्र्याची भांडी घडवायची, डागडुजी करायची, हंगामात शेतावर मजुरीला जायचं, तंबू ठोकायचा, उठवलं की उठायचं. गावकरी त्यांना 'टिंकर' म्हणत. भांड्यांच्या कामावरून पडलेलं नाव, पण म्हणायची पद्धत अशी की त्याची शिवी झाली. आपल्याकडे जातीची नावं कशी शिव्या झाली ते तुम्हाला सांगायला नको.

१९५३ साली एडिंबरोच्या 'स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज'चा हॅमिश हेंडरसन गाणी शोधत तिच्या दारात आला. तिच्या गळ्यात शेकडो वर्षांची कथागीतं होती. हार्वर्डच्या प्राध्यापक चाइल्डने ज्या ३०५ कथागीतांची मोठी पोथी केली, तसली गाणी ही बाई चुलीपाशी बसून म्हणत होती. विद्वानांना वाटत होतं की ही गाणी मेली. ती मेली नव्हती, ती तंबूत होती, आणि तंबूत कुणी विद्वान गेला नव्हता. जीनी रॉबर्टसनचं नाव झालं. तिच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. १९६८ साली राणीने किताब दिला. तिचा पुतण्या स्टॅन्ली रॉबर्टसन (१९४०–२००९) हा थोर कथेकरी आणि गायक. आयुष्यातली कितीतरी वर्षं त्याने मासळी कापण्याच्या कामात काढली. उतारवयात याच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटने त्याला ट्रॅव्हलर लोकांच्या परंपरा नोंदवायच्या कामावर घेतलं.

ही झाली उजेडाची बाजू. आता दुसरी. ज्या काळात जीनीची गाणी टेपवर जात होती, त्याच काळात स्कॉटलंडचं सरकार तिच्या समाजाला 'सुधारायला' निघालं होतं. भटकणं बंद करा, आम्ही देतो त्या पडक्या निवाऱ्यात राहा, नाहीतर पोरं काढून घेऊ. या प्रकाराला आता 'टिंकर एक्सपेरिमेंट' म्हणतात. प्रयोग! माणसांवर. १९४० ते १९८० या काळात हे चाललं. जून २०२५ च्या अखेरीस स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी यांनी त्याबद्दल तिथल्या संसदेत माफी मागितली. अ‍ॅबरडीनचं अधिवेशन उठून तीन आठवडे झाले होते.

म्हणजे बघा, एकाच देशात एक हात गाणं जपून ठेवत होता आणि दुसरा हात गाणाऱ्या समाजाची पोरं उचलत होता. हेंडरसनला मी दोष देत नाही. तो डाव्या विचारांचा, दिलदार माणूस होता, आणि त्याने गाणारीचं नाव जगाला सांगितलं. पण गाणं वाचलं म्हणून माणूस वाचत नाही, हे एवढं उघड असताना लोकसाहित्याच्या अभ्यासात ते बाजूला का पडतं? आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या, आणि तरी आज पारध्याच्या पालावर पोलीस आधी येतो. त्याच वेळी शहरातल्या महोत्सवात भटक्यांच्या 'लोककलां'ना टाळ्या पडतात. अ‍ॅबरडीन लांब नाही.

४

एका बाबतीत मात्र युरोपातल्या या मंडळींपुढे मी टोपी काढतो. जर्मनीत या शास्त्राला 'फोल्क्सकुंड' म्हणत, लोकविद्या. त्याचा थोर पूर्वज हर्डर. १७७९ साली लोकगीतांच्या दुसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत त्यानेच बजावून ठेवलं होतं की लोक म्हणजे गल्लीतला जमाव नव्हे. तो जमाव गात नाही, नुसता ओरडतो. म्हणजे शास्त्र जन्मालाच आलं ते गल्ली वगळून. पुढे हिटलरच्या काळात या 'लोक' शब्दाचं काय झालं ते जगाने पाहिलं. हिमलरच्या एसएसने १९३५ साली 'आनेनएर्ब' ही संस्था काढली, पूर्वजांचा वारसा शोधायला. गाणी, खुणा, चालीरीती गोळा करणारे विद्वान तिच्या पगारावर होते. आपला 'लोक' शुद्ध ठरवायचा म्हणजे कुणाला तरी बाहेर काढावं लागतं. ज्यूंना आणि जिप्सींना त्यांनी कुठे पाठवलं ते सांगायला नको.

युद्धानंतर ट्युबिंगेनच्या हेर्मान बाउसिंगर आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच शास्त्राची झडती घेतली. १९७० साली त्यांनी पुस्तक काढलं, त्याचं नावच 'लोकजीवनाला निरोप' अशा अर्थाचं. १९७१ साली त्यांच्या संस्थेने नाव बदललं, 'लोक' शब्द काढला. २०२१ साली जर्मनीतल्या अभ्यासकांच्या मुख्य संस्थेनेही तेच केलं. आपल्याच वाडवडिलांच्या पुस्तकांवर बोट ठेवायला छाती लागते.

मराठीत ही झडती विद्यापीठाबाहेर झाली. ती दलित लेखकांनी घेतली. 'लोककला' हा शब्द घ्या. कुठल्या लोकांची कला? आसूड ओढणारा पोतराज कोण? हलगी कुणाच्या गळ्यात? मेलेलं जनावर ओढायचा आणि वेशीवर दवंडी द्यायचा मान कुणाचा? प्रत्येक कलेच्या पाठीवर जातीचा शिक्का आहे आणि 'लोक' हा शब्द त्या शिक्क्यावर टाकलेलं धोतर आहे. बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' वाचा. अंगात येणं, पोतराज सोडणं, सासुरवास या सगळ्यांची त्यात नोंद आहे, आणि ती नोंद अंगावर सोसलेल्या बाईने केली आहे, घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून. 'बलुतं' १९७८, 'उपरा' १९८०, 'उचल्या' १९८७, 'कोल्हाट्याचं पोर' १९९४. यांना आत्मकथनं म्हणून कप्प्यात टाकलं गेलं. माझ्या मते हे आपलं मानववंशशास्त्र आहे. लावणीच्या फडावर शंभर प्रबंध होतील, पण फडामागे झोपलेलं पोर काय बघत होतं ते किशोर शांताबाई काळेनेच सांगावं लागलं.

माझ्या घरातली गोष्ट सांगतो. मी लहान होतो. आमच्या वस्तीत एक प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आले. जात्यावरच्या ओव्या गोळा करत होते. आमच्या आजीचा गळा पंचक्रोशीत माहीत होता. ओट्यावर सतरंजी टाकली. आईने चहा केला. प्राध्यापकांनी हात जोडले, म्हणाले, मी चहा घेत नाही. आजी बराच वेळ गायली. सीतेचा वनवास झाला, भाऊबीज झाली, माहेरची वाट झाली. मग तिने बाबासाहेबांवरची ओवी काढली, तिनेच जुळवलेली. प्राध्यापकांनी बटण दाबलं. म्हणाले, "आजीबाई, हे नवीन झालं. जुनं म्हणा, पारंपरिक." आजी म्हणाली, "जुनं म्हंजी उपाशी व्हतो तवाचं का सायेब? ते म्हनलं की मगाशी." प्राध्यापक हसले. आजी पुन्हा गायली नाही. संध्याकाळी आई म्हणाली, शेजारच्या गावात पाटलाच्या वाड्यावर त्यांनी दोन कप घेतला म्हणे.

पुढे त्यांचं पुस्तक आलं. मी कॉलेजात असताना ग्रंथालयात सापडलं. आजीच्या सात ओव्या आहेत. खाली लिहिलंय : एका महार वृद्धेकडून. बाबासाहेबांची ओवी अर्थात नाही. सीतेला नाव आहे, रामाला नाव आहे, गाणारीला जात आहे.

सगळेच असे नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. प्रत्येक ओवीपाशी गाणारीचं नाव आहे, गाव आहे. बाबासाहेबांच्या ओव्या त्यांनी नवीन म्हणून टाकल्या नाहीत. जात्यावर बसून, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांनी भीमाचा इतिहास रचला, तो तिथे आहे. म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं.

५

आता आपल्याकडे. दुसऱ्याची झडती घेऊन झाली, आपला खिसा राहिला.

माझ्या तालुक्यात १४ एप्रिलच्या मिरवणुकीला मांगवाड्यातला हलगीवाला बोलावतात. सुपारी देतात. रात्री बारापर्यंत तो वाजवतो, त्याच्या तालावर आपली पोरं नाचतात. पत्रकावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, सहखजिनदार, देणगीदार, सगळ्यांची नावं. हलगीवाल्याचं नाव मी एकदाही पाहिलं नाही. मुक्ता साळवेचं नाव भाषणात घेणाऱ्या आपणच तिच्या वाड्यातल्या माणसाला 'तो हलगीवाला' म्हणतो. 'एका महार वृद्धेकडून' आणि 'तो हलगीवाला' यांत फरक काय?

आणि दुसरं. १९५६ नंतर आपण देव फेकले, पोतराजाचे केस कापले, अंगात येणं बंद केलं. योग्यच केलं. त्यात काडीचा पश्चात्ताप नको. पण त्याबरोबर आपल्या आयाबायांची गाणीही आपण जुनाट म्हणून झाडून काढली. त्यातलं कोणतं गुलामीचं आणि कोणतं आपलं, हे निवडलं नाही. प्राध्यापकाने नवीन म्हणून टाकलं, आपण जुनं म्हणून टाकलं. आजीचं दोन्हीकडून गेलं.

त्या पुस्तकात आजीचं नाव नाही म्हणून मी वर्षानुवर्षं चिडलो. हा लेख लिहायला घेतला तेव्हा ठरवलं, आपण तरी तिचं नाव नीट लिहू. आणि हात थांबला. आम्ही तिला आईच म्हणायचो. गाव तिला आमच्या आज्याच्या नावाने ओळखायचा. रेशनकार्डावर सासरचं नाव होतं, लग्नात बदललेलं. तिचं जन्माचं, माहेरचं नाव मी कधी विचारलं नाही. आता सांगणारं कुणी राहिलं नाही. प्राध्यापकाला एकच दुपार होती. मला वीस वर्षं होती.

म्हणून अ‍ॅबरडीनच्या मंडळींना माझं सांगणं थोडं आहे. उसवा, जरूर उसवा. पण त्याआधी ज्याचं कापड आहे त्याला खुर्ची द्या, कागद द्या, आणि त्याला नको असेल तर उठून जायचा हक्क द्या. हा हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही. २०२३ ची जागतिक मानववंशशास्त्र परिषद भुवनेश्वरच्या एका मोठ्या आदिवासी निवासी शिक्षणसंस्थेत व्हायची होती. आदिवासी कार्यकर्ते आणि काही अभ्यासक यांनी मिळून विरोध केला : आमच्या पोरांना आमच्या भाषेपासून, रानापासून तोडणाऱ्या शाळेत बसून आमचा अभ्यास कसा करता? २०२० साली आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या संस्थेशी सहकार्य तोडलं. परिषद २०२३ च्या ऑक्टोबरात दिल्लीला झाली. ज्यांचा अभ्यास होतो ते परिषदेची जागा बदलू शकतात, हे लक्षात ठेवा.

आणि आपल्या पोरापोरींना सांगणं जास्त आहे. शंभर पानी वही घ्या. वस्तीत, मांगवाड्यात, पालावर, जिथे जाल तिथे म्हातारं माणूस गाठा. चहा दिला तर प्या. मग लिहा : माहेरचं नाव. सासरचं नाव. गाणं कुणाकडून शिकली. कुणाच्या दारात गावं लागलं आणि बदल्यात काय मिळालं, भाकरी की शिवी. कधी सोडलं, का सोडलं, कुणी सोडायला लावलं. आणि नवीन म्हणून काही म्हणाली तर टेप बंद करू नका, तिथेच चालू ठेवा. म्हातारीला लिहिता येत असेल तर वही तिच्याच हातात द्या. येत नसेल तर लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवा, ती नको म्हणेल ते खोडा.

उसवणं म्हणजे मला एवढंच कळतं. पुढच्या जयंतीच्या पत्रकावर हलगीवाल्याचं नाव अध्यक्षाच्या नावाखाली, त्याच टायपात छापा. तिथून सुरुवात करू.

जयभीम.